मनगट पैलवानाचं, घड्याळ आजोबांचं

मागच्या अंकात घरातली जुनी चावीची घड्याळं परत चालू कशी करायची यावर लिहिलं होतं, आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मीअधिक दुरुस्तीची नव्हतीच, ती होती साईजची. घड्याळ चालू झालं, टाईम बरोबर दाखवतंय, पण हातावर लहान दिसतंय, घालू का नको. कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, इथं लाल मातीत तयार झालेली मनगटं आहेत. म्हणून या वेळी सगळं सदर त्याच एका विषयाला दिलंय. पत्रं थोडी कमी करून छापतोय, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी शिवाजी पेठेतला. लहानपणापासून तालमीत होतो, आता कुस्ती सुटली पण अंग तसंच आहे, मनगट २० सेंटीमीटर भरतं. आमच्या आजोबांचं एचएमटी कंपनीचं जनता घड्याळ आईनं जपून ठेवलं होतं ते तिनं मला दिलं. सर्व्हिसिंग करून आणलं, एकदम टकाटक चालतंय. पण घातलं की पोरं म्हणतात, काय भावा, लेडीज घड्याळ घातलंस काय. माझी बाकीची घड्याळं ४४-४६ मिमीची आहेत. हे मला मनापासून आवडतं पण चारचौघांत बाही खाली ओढावीशी वाटते. काय करू?

उत्तर : दादा, बाही वर करा. ते लेडीज घड्याळ नाही, कधीच नव्हतं. जनता साधारण ३५ मिमीचं येतं, आणि त्या काळात पुरुषांचं घड्याळ म्हणजे ३३ ते ३६ च्या मधलंच असायचं, बायकांची घड्याळं त्याच्या कितीतरी खाली, २०-२२ मिमी वगैरे, शेजारी ठेवून बघितलं तर शंकाच राहत नाही. एचएमटीनं १९६१ ला बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर घड्याळाचा कारखाना काढला आणि मग शाळामास्तर, एसटीचे कंडक्टर, तलाठी, शेतकरी, सगळ्यांच्या हातावर ही घड्याळं आली. तुमच्या आजोबांचं मनगटही काही बारीक नसणार, शेतात राबलेला हात असेल नाहीतर तालमीतला, आणि त्यांना कुणी लहान घड्याळ घातलंय असं म्हटलं नसणार कारण डोळ्याला तीच साईज सवयीची होती.

आणि हे फक्त आपल्याकडचंच नाही. पाटेक फिलीप या स्विस कंपनीचं १९३२ चं कालाट्रावा, ज्याला अजून लोक ड्रेस वॉचचा, म्हणजे समारंभाला घालायच्या साध्या घड्याळाचा, बाप मानतात, ते ३१ मिमीच्या आसपास होतं. रोलेक्स डेटजस्ट १९४५ ला आलं ते ३६ चं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यासाठी बारा कंपन्यांनी घड्याळं करून दिली, तीसुद्धा साधारण ३५ ते ३८ मध्ये बसणारी, म्हणजे रणांगणावर जाणाऱ्या सैनिकाच्या हातावर जनताएवढंच किंवा थोडंसंच मोठं घड्याळ होतं. ४२-४४ चं जे वेड आलं ते मागच्या पंचवीस-तीस वर्षांतलं आणि आता तेही उतरायला लागलंय. रोलेक्सचंच एक्सप्लोरर बघा, वर्षानुवर्षं ३६ होतं, २०१० ला ३९ केलं आणि २०२१ ला कंपनीनं ते परत ३६ वर आणलं.

आता तुमच्या डोळ्याला ते लहान का वाटतं. एक तर तुम्ही रोज ४६ घालता. ४६ आणि ३५ यात फरक ११ मिमीचा वाटतो पण डोळा रुंदी मोजत नाही, तो पसरलेली जागा बघतो, आणि ४६ च्या गोलाची जागा ३५ च्या गोलाच्या पावणेदोन पट भरते. एवढी मोठी उडी एकदम मारली की काहीही लहानच दिसणार. म्हणून माझा सल्ला असा की मोठी घड्याळं थोडे दिवस कपाटात ठेवा आणि सलग जनताच घाला, अधूनमधून नाही, सलग. नजर बसायला वेळ लागतो पण बसते, आणि एकदा बसली की मग ४६ वालं हातावर ठेवल्यावर तेच अवजड वाटायला लागतं.

दुसरं म्हणजे आपण स्वतःचा हात कायम फूटभर अंतरावरून, वरून खाली असा बघतो. समोरचा माणूस तसा बघत नाही, त्याला तुम्ही अख्खे दिसता. घरातल्या उभ्या आरशासमोर चार-पाच फुटांवर उभं राहून बघा, घड्याळ आणि अंग यांचा मेळ तिथं कळतो. मोबाईलवर बघितलेल्या फोटोंवरून तर अजिबातच ठरवू नका, मोबाईल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगून येते त्यामुळं दुसऱ्याच्या हातावरचं ३६ चं घड्याळ ४० चं वाटतं आणि मग आपलं प्रत्यक्षातलं ३५ बघून जीव खट्टू होतो.

आणि घालायची जागा. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर येतं, त्या हाडाच्या लगेच मागं कोपराच्या बाजूला घड्याळ बसवा, पण फार वर नको. पैलवानाचा हात कोपराकडं झपाट्यानं रुंद होत जातो, तुम्ही दोन बोटं जरी वर सरकवलंत तरी ते त्या रुंदीत हरवतं. आणि पट्टा घट्टसर, सैल सोडलं की घड्याळ एका बाजूला कलंडतं आणि लहान घड्याळ कलंडलं की अजून लहान दिसतं. पोरांचं म्हणाल तर त्यांना सांगा हे आजोबांचं आहे, एवढंच सांगा. बहुतेकांच्या घरात असलं एखादं पडलेलं असतं, चार दिवसांत तेच विचारायला येतील कुठं दुरुस्त केलंस म्हणून.

प्रश्न : मी उद्यमनगरात मशीनशॉपला आहे, हातात कायम मापाचा व्हर्नियर. वडिलांची दोन चावीची घड्याळं आहेत. दोन्हींची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, मोजली, चावी सोडून ३४ मिमी, फरक पाव मिलिमीटरचाही नाही. तरी एक माझ्या हातावर चांगलं भरून दिसतं आणि दुसरं नाण्याएवढं. असं कसं?

उत्तर : वा, असा प्रश्न मशीनशॉपमधल्या माणसानंच विचारावा. तुम्ही एकच माप घेतलंत, अजून तीन घ्या. पट्टा अडकवायचे जे पाय असतात, ज्यांना लग्स म्हणतात, त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजा. घड्याळ हातावर केवढं दिसणार हे केसच्या रुंदीपेक्षा या मापावर जास्त ठरतं. एकाचे लग्स आखूड आणि खाली वळलेले असतील तर ते ३९-४० मध्ये संपेल, दुसऱ्याचे लांब सरळ असतील तर ४२-४३ पर्यंत जाईल, आणि तुमच्या हातावर भरून दिसणारं बहुतेक लांब लग्सवालंच निघेल.

मग दोन लग्सच्या मधली जागा मोजा, म्हणजेच पट्ट्याची रुंदी. ३४ च्या घड्याळाला १८ चा पट्टा बसत असेल तर ते एकदम ऐसपैस वाटतं, तेच १६ असेल तर बाजूनं केस बाहेर येते, पट्टा बारीक दिसतो आणि मोठ्या हातावर सगळाच कारभार नाजूक होऊन जातो. १७ आणि १९ अशी अधलीमधली मापंही जुन्यात भरपूर निघतात. १७ मध्ये १८ चा मऊ चामड्याचा पट्टा थोडा दाबून बसतो, चालतं, पण १६ मध्ये १८ कोंबू नका, कडा चुरगळतात आणि पिनेवर ताण येतो.

तिसरं माप काचेचं. काचेभोवतीची धातूची कड बारीक असली तर डायल मोठी, आणि डायल मोठी म्हणजे घड्याळ मोठं. त्यातही पांढरी किंवा चंदेरी डायल पसरट दिसते, काळी आकसून दिसते. म्हणून एचएमटी पायलट आणि जनता मापानं जवळपास सारखीच असूनही बऱ्याच लोकांना काळं पायलट लहान भासतं, पायलटच्या मोठ्या ठळक आकड्यांनी ते थोडंफार भरून काढलंय एवढंच. आणि जुनी प्लास्टिकची काच फुगीर असते ती फुगीरच ठेवा. दुरुस्तीत कुणी सपाट काच बसवली तर घड्याळाचा सगळा उठाव जातो. ओरखडे असतील तर टूथपेस्ट आणि मऊ फडक्यानं हळूहळू घासा, प्लास्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे निघतात.

तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट, विचारली नाहीत तरी सांगते. सरफेस ग्राइंडरची मॅग्नेटिक चक, म्हणजे लोखंड धरून ठेवणारं चुंबक, किंवा वेल्डिंग मशीन जवळ असेल तर ही घड्याळं कामावर घालू नका. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढं पळायला लागतं. झालंच तर घाबरायचं कारण नाही, दुरुस्तीवाल्यांकडं चुंबक उतरवायचं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम, पण घड्याळाचं मशीन बिघडलं समजून उगाच खोलायला देऊ नका.

प्रश्न : माझं मनगट मोठं आहे, रेडिमेड पट्टा शेवटच्या भोकावर कसाबसा लागतो. चपलांच्या दुकानांच्या चप्पल लाईनला चामड्याचा पट्टा करून मिळेल का? आणि तो जुन्या घड्याळाला शोभेल का?

उत्तर : शोभेल म्हणजे, मला तर कोल्हापुरातल्या माणसासाठी यापेक्षा चांगला उपाय दिसतच नाही! रेडिमेड पट्ट्याची लांबी साधारण बकलकडचा तुकडा ७५ आणि भोकांकडचा ११५ मिमी अशी असते, मनगट २० सेंटीमीटरच्या आसपास गेलं की ती संपतेच. तुम्हाला ८५ आणि १३० च्या आसपास लागेल. आणि पट्टा शेवटच्या भोकात अडकला की बकल मनगटाच्या मध्यावर न बसता एका बाजूला येतं, घड्याळ वाकडं बसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं घड्याळच या माणसाला लहान पडतंय. प्रत्यक्षात लहान असतो तो पट्टा.

आपल्या चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. हे चामडं वापरून वापरून गडद होतं, मुरतं आणि जुन्या घड्याळाच्या रंगाशी त्याचं फार सुंदर जमतं. फक्त करणाऱ्या मामांना एक गोष्ट नीट सांगा, तळाचं जाड चामडं नको, वरच्या कामाला घेतात ते पातळ हवं, दोन ते अडीच मिमी, त्याच्यावर नाही. चावीची घड्याळं मुळात चपटी असतात, त्यांना जाडजूड गादीवाला पट्टा लावला की पट्टाच दिसतो, घड्याळ दिसत नाही. रुंदी १८ असेल तर बकलपर्यंत १८ च ठेवा किंवा फार तर १६ वर आणा. जुने पट्टे १८ वरून १४ वर निमुळते होत जायचे, बारीक हातावर ते छान दिसतं, तुमच्या हातावर दोरीसारखं दिसेल.

अजून एक प्रकार करून घेता येतो, घड्याळाच्या खाली हातभर नाही पण चांगली ३५-३८ मिमी रुंद चामड्याची बैठक आणि तिच्यातून ओवलेला पट्टा. जर्मन सैन्यावरून याला बुंड पट्टा म्हणतात. रुंद मनगटावर लहान घड्याळ बसवायला याच्याइतका गुणी पट्टा नाही, कारण घड्याळाच्या चारी बाजूंनी चामडं दिसतं आणि नजर त्या सगळ्याला एकच वस्तू समजते. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र त्याच्याखाली घाम साचतो, त्या दिवसांत बैठक काढून नुसता पट्टा वापरायचा. नवीन चामडं सुरुवातीला घामानं थोडा रंग सोडतं, पांढऱ्या शर्टाच्या बाहीला सांभाळा.

कापडी पट्टा आवडत असेल तर ब्रिटिश सैन्याच्या धर्तीचा नायलॉनचा एकसंध पट्टा येतो, नेटो नावानं विकतात, तो मुळातच लांब असतो. फक्त त्याचे दोन पदर घड्याळाखालून जातात आणि घड्याळ उचललं जातं, चपट्या घड्याळाला एका पदराचा बघा.

प्रश्न : ताई, माझ्या वडिलांचं फाव्हर ल्युबा कंपनीचं घड्याळ आहे, त्यांनी ते नोकरीत असेपर्यंत रोज घातलं. लग्नाच्या वाढदिवसाला ते ह्यांना द्यायचं माझ्या मनात आहे, बाबांचीही इच्छा आहे. पण ह्यांचा हात रुंद. दुकानदार म्हणाला मशीन काढून ४२ च्या नवीन केसमध्ये बसवून देतो, एकदम आजचं दिसेल. करू का? चेनही आहे, स्प्रिंगची, पण ती ह्यांना घट्ट होते. — राजारामपुरी

उत्तर : ताई, नका करू. कळकळीनं सांगते, हे काम एकदा झालं की परत फिरत नाही. मशीन आणि डायल दोन्ही तेवढीच राहणार, मोठ्या केसमध्ये बसवायला डायलच्या भोवती रिंग घालावी लागते, म्हणजे घड्याळ मोठं होत नाही, मोठ्या खिडकीत लहान डायल दिसते. चावीचा दांडा लांबवावा लागतो, तो नीट बसला नाही तर चावी देताना त्रास. आणि मूळ केस, जिच्यावर बाबांच्या हाताची झीज आहे, ती त्या गडबडीत कुठं जाते ते कळतही नाही.

त्याऐवजी चेनचं बघा. लहान घड्याळाला धातूची चेन खूप मदत करते, कारण केस कुठं संपली आणि चेन कुठं सुरू झाली हे नजरेला पटकन कळत नाही, सगळा मिळून एक रुंद पट्टा दिसतो. तुमच्याकडची स्प्रिंगची चेन ताणून घालायला लावू नका, ती केस ओढते आणि लग्सना आतून घासते. महाद्वार रोडच्या बाजूला किंवा लक्ष्मीपुरीत जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडं विचारा, त्यांच्याकडं जुन्या चेनच्या कड्यांचा डबा असतो, जुळणाऱ्या चार-पाच कड्या मिळाल्या तर काम झालं. नाही मिळाल्या तर कड्यांची साधी चेन घ्या, पण लग्सच्या मापाचीच, आणि रंग केसशी जुळणारा. सोनेरी मुलाम्याची केस असेल तर स्टीलची चेन अजिबात नको, मग चामडंच बरं. देण्याआधी सर्व्हिसिंग नक्की करा, तेल वाळलेलं घड्याळ चालतं पण आतून झिजत राहतं. आणि बाबांनी स्वतःच्या हातानं जावयांच्या हातावर बांधलं तर किती छान होईल, बघा जमलं तर.

प्रश्न : ऑनलाईन एचएमटीची घड्याळं केशरी, पोपटी डायलमध्ये स्वस्तात मिळतात. मोठ्या हातावर भडक रंग उठून दिसेल म्हणून घेऊ का?

उत्तर : ही बहुतेक डायल नंतर रंगवलेली असतात. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनं २०१६ ला घेतला, त्यामुळं इतकी करकरीत पोपटी डायल दिसली की सावध व्हा. अक्षरं जाड किंवा पसरलेली, मिनिटाच्या रेघा आणि आकड्यांच्या खुणा एका रेषेत नाहीत, धक्का सोसणारं घड्याळ असं सांगणारा पॅराशॉक हा शब्द गायब किंवा चुकलेला, ही लक्षणं. आणि तुमच्या मुद्द्याचं म्हणजे ही घड्याळं चकाचक दिसावीत म्हणून केस पॉलिशला घासून घासून लग्सच्या कडा गोल आणि बारीक केलेल्या असतात, म्हणजे मुळातलं ३५ चं घड्याळ अजूनच लहान दिसतं. तेवढ्याच पैशात ओरखडे असलेलं, डायल थोडी पिवळी पडलेलं, पण धारदार कडांचं मूळ घड्याळ शोधा. देवनागरीत एच एम टी जनता लिहिलेली डायलही शोधल्यावर सापडते, मराठी माणसाच्या हातावर ती फार शोभते.

प्रश्न : घरात जुनं काहीच नाही, नव्यानं घ्यायचंय, पण जुन्यातलंच. मोठ्या हाताला कुठलं बघू?

उत्तर : गोल सोडून बघा. चौकोनी घड्याळ कागदावर लहान असतं पण २८ मिमीच्या चौकोनाचा कर्ण साडेएकोणचाळीस भरतो, म्हणून हातावर ते मापापेक्षा मोठं दिसतं. एचएमटी कांचनही बघा, ऑटोमॅटिक, कोनाकोनांची रुंद केस, एके काळी लग्नात जावयाला द्यायला लोक ते शोधत फिरायचे. गल्फला गेलेल्या मामा-काकांनी आणलेली सत्तर-ऐंशीच्या दशकातली सैको फाईव्ह आणि रिको अजूनही बऱ्याच घरांत आहेत, ती जनतापेक्षा थोडी मोठी आणि चांगली जाड असतात, रुंद हाताला लगेच बसतात.

प्रश्न : पावसाळ्यात घालू का?

उत्तर : कोल्हापूरच्या पावसात नको. पाठीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी आतलं रबर कधीच कडक होऊन गेलेलं असतं. जून ते सप्टेंबर घड्याळ घरात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि आठवड्यातून एकदा चावी देऊन चालवा. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर चावी बाहेर ओढू नका, हेअर ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्यांकडं जाऊन पाठ उघडून घ्या. एका रात्रीतही गंज धरतो.